पाताळबेडूक, नोंद ५ : या वेळी पोट तडकलं नाही!

ओव्हनमध्ये भाजून पक्क्या होणाऱ्या पॉलिमर क्लेमधून मी पाताळबेडूक, म्हणजे सह्याद्रीत मातीखाली राहणारा जांभळा बेडूक, घडवतेय. आज सकाळी ओव्हनचं दार उघडलं, बॅटरी मारली आणि सगळ्यात आधी पोट पाहिलं. मग नखाने चाचपलं. डाव्या बगलेपासून मांडीपर्यंत कुठेही चीर नाही. चौथ्या खेपेला माझ्या जांभळीचं पोट सलग, गुळगुळीत आणि टम्म फुगलेलं निघालं. इतका आनंद झालाय की रंग बाजूला ठेवून आधी ही नोंद लिहायला बसले.

तुम्हाला आठवत असेल, तडा दर वेळी त्याच जागी जात होता. आधी वाटलं क्लेचा थर जाड झाला. पातळ केला, तरी तडकलं. मग तापमान उतरवलं, तर क्ले कच्ची राहिली आणि मागचा पाय निखळला. शेवटी मन घट्ट करून तिसरी बेडकी पात्याने उभी चिरली. तिचं नाक तोवरच्या तिघींत सरस जमलं होतं, म्हणून फार जिवावर आलं. पण आत कारण समोरच दिसलं. क्लेच्या आतला अॅल्युमिनियम फॉइलचा गाभा डाव्या बाजूला पोकळ होता, कोबीच्या पानांसारखे पदर सुटलेले. मी फॉइलची गुंडाळी नेहमी त्याच बाजूला संपवते. तिथली हवा तापून फुगायची आणि वरची क्ले फाडायची.

या वेळी गोळा आवळून छोट्या हातोडीने फिरवत फिरवत ठोकला, अंगठ्याने दाबला तरी दबेना इतका. त्यावर फक्त दोन मिलिमीटरचा थर, आणि बुडबुडा दिसेल तिथे सुईचं टोक. हा थर आधी एकटाच भाजला. ओव्हन बंद केल्यावर दार न उघडता आतच गार होऊ दिला. मग थर चिकटवायला लिक्विड क्लेचा (पातळ, ओतता येणाऱ्या क्लेचा) एक हात, वर कातडीचा थर, आणि पुन्हा भाजणं.

ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवा, हे मात्र कळकळीने सांगते. माझ्या डायलवर १३० असतं तेव्हा आत १५० निघालं. जास्तीची आच आणि दार लगेच उघडायची सवय यांनीही भर घातली असणार. पण तड्याची जागा बदलत नव्हती, म्हणून मूळ दोष गाभ्याचाच, असं माझं ठाम मत आहे. क्ले घेताना पाकीट दाबून बघा. मागच्या वेळी एका विक्रेत्याने इतकी जुनी क्ले पाठवली की मळताना तिचा भुगाच होत होता. आणि बॉल टूलच्या (टोकाला गोळी असलेल्या कोरायच्या हत्यारांच्या) मोठ्या संचाची गरज नाही. बगलेतल्या वळ्या मी स्वेटर विणायच्या सुईने काढल्या, त्या जास्त जिवंत दिसतात.

नाकाचं सांगायलाच हवं. २००३ साली एस. डी. बिजू आणि फ्रांकी बोसाइट यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत या बेडकाची ओळख करून दिली तेव्हा नावातच ‘नासिका’ घातली, नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस. टोकाचा तो पांढुरका उंचवटा या वेळी एका दाबात जमला. लोक हिला कुरूप म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. इवलंसं तोंड आणि टोकदार नाक जमिनीखालची वाळवी शोधायला, आखूड दणकट पाय आणि मागच्या पावलावरची फावड्यासारखी टणक गाठ उलटं खणत खाली जायला. सात सेंटीमीटरच्या त्या देहात वायफळ असं काहीच नाही. हिचे सगळ्यात जवळचे नातलग समुद्रापार सेशेल्स बेटांवर आहेत, हे आठवलं की हातातला गोळा जपून धरावासा वाटतो.

मूळ बेत तिला पालापाचोळ्यावर बसवायचा होता. पण हे लिहिता लिहिताच तो खटकायला लागला. जी जवळजवळ सगळं वर्ष मातीखाली काढते आणि मोसमी पावसाच्या तोंडावर अंडी घालायला तेवढी वर येते, तिला निवांत पानांवर का बसवायचं? केरळात हिला ‘पाताळ तवळ’ म्हणतात, वर्षातून एकदा भेटीला येणाऱ्या महाबलीशी नातं जोडतात. आपल्या बळीराजाशीच की!

तेव्हा आता ओढ्याकाठच्या मातीचा उभा छेद करणार. खाली बिळात, वरच्या मातीला नाक टेकवून साद घालणारा नर. नर मातीखालूनच हाक देतात, ते या छेदात छान दाखवता येईल. आणि वर ही, पाण्याकडे निघालेली. नर मादीपेक्षा बराच लहान असतो, त्यामुळे गाभा नव्याने मोजून करावा लागेल. आधी नराला तिच्या पाठीवर बसवायचा विचार होता, पण मग बिळातली हाक हुकते. ओढ्यातल्या खडकाला तोंडाने घट्ट चिकटलेला टॅडपोलही (बेडकाचं शेपटीवालं पिल्लू) एका कोपऱ्यात हवा. त्या चूषक तोंडाचा साचा कशाचा करू? सिलिकोन पुट्टीने कुणी इतकं बारीक काम केलं असेल तर जरूर सांगा. नराचं फॉइल ठोकायला घेतलंय, गुंडाळीचं टोक या वेळी पाठीकडे.