पैसे कटले, पण साउंडबॉक्स बोलला नाही

दिवाळीच्या दिवसांत इंदूरच्या राजवाड्याजवळ शीतलामाता बाजारात साडी घ्यायला गेलात, तर गर्दीत मोबाइलची रेंज जाते आणि यूपीआयचं पेमेंट नेमकं तेव्हाच अडकतं. आपल्या खात्यातून रक्कम गेलेली असते, दुकानातला साउंडबॉक्स मात्र गप्प.

अशा वेळी घाईघाईने पुन्हा स्कॅन करू नका. आधी अ‍ॅपमध्ये तो व्यवहार उघडा. ‘पेंडिंग’ दिसत असेल तर थांबा. तो मागाहून पूर्ण झाला तर पैसे दोनदा जातील. ‘सक्सेस’ असेल तर त्या व्यवहाराची ओळख असलेला १२ अंकी यूटीआर क्रमांक दुकानदाराला दाखवा आणि त्याच्या अ‍ॅपमधल्या यादीशी ताडून घ्यायला सांगा. बहुतेक साउंडबॉक्समध्ये वेगळं सिमकार्ड असतं. त्याची रेंज गेली की पैसे जमा होऊनही तो बोलत नाही. दुकानदाराने फक्त ग्राहकाच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये, हेही तितकंच खरं, कारण तसे बनावट स्क्रीनशॉट सर्रास फिरतात.

व्यवहार फेल झाला तर? रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार दुकानदाराला केलेल्या पेमेंटची रक्कम ५ दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. हा आपला हक्क आहे, सोडू नका.

घरातल्या आजी-आजोबांना एवढं पक्कं सांगून ठेवा: पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही. ‘रिफंडसाठी पिन टाका’ असा फोन आला तर तो ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायची.