बेस गिटारच नसलेला बँड : स्लीटर-किनीचे अल्बम कसे ऐकावेत

फोनच्या स्पीकरवर स्लीटर-किनी या अमेरिकन रॉक बँडचं एखादं गाणं लावून, 'फारच कर्कश आहे' म्हणून दुसऱ्या मिनिटाला बंद करणारे पुष्कळ भेटतात. या बँडमध्ये बेस गिटार नाही. दोन गिटारी, एक ड्रमसेट आणि आवाज, एवढाच मूळ संसार. त्यात जो थोडाफार खर्ज आहे, तोही लहान स्पीकर खाऊन टाकतो. मग उरतात फक्त धारदार वरचे स्वर. म्हणून पहिली गोष्ट: यांचे अल्बम हेडफोनवर किंवा दोन वेगळ्या स्पीकरांवर ऐकावेत.

कॉरिन टकर आणि कॅरी ब्राउनस्टीन यांनी १९९४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपियात हा बँड सुरू केला. नाव घेतलं शेजारच्या लेसी गावातल्या एका रस्त्याचं. दोघी गिटार वाजवतात, दोघी गातात. गिटारची सगळ्यात जाड तार एरवी ई, म्हणजे पेटीवाल्यांच्या हिशेबात पांढरी तीनला लावतात. या दोघींच्या गिटारी दीड स्वर उतरवून काळी एकला लावलेल्या असतात. त्यामुळे सर्वांत खालचा स्वर ८२ हर्ट्झवरून ६९ हर्ट्झवर येतो. बेस गिटार मात्र ४१ हर्ट्झपर्यंत खाली जाते. म्हणजे तारा उतरवूनही तळाशी एक पट्टा मोकळाच राहतो आणि तिथे ड्रमवालीचा पाय काय करतो तेवढंच ऐकू येतं. मला विचाराल तर या बँडच्या प्रत्येक अल्बमची ओळख एकाच प्रश्नाने होते: ही मोकळी जागा इथे कशी हाताळली आहे?

सुरुवात १९९७ च्या 'डिग मी आउट'पासून करावी. किल रॉक स्टार्स या ऑलिंपियाच्याच कंपनीने तो काढला, निर्माता जॉन गुडमॅन्सन, रेकॉर्डिंग सिअ‍ॅटलच्या जॉन अँड स्टूज प्लेसमध्ये. मुखपृष्ठ द किंक्स या जुन्या ब्रिटिश बँडच्या एका अल्बमला दिलेली सलामी आहे. खरा फरक पडला ड्रमवर. जॅनेट वाइस बँडमध्ये आल्यानंतरचा हा पहिला अल्बम. ती नुसता ठेका धरत नाही, मोकळ्या तळात किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि फ्लोअर टॉमने (जमिनीवर उभा असलेला खर्जाचा ड्रम) जवळजवळ बेसची ओळ वाजवते. एखादं गाणं फक्त तिच्या पायाकडे लक्ष ठेवून ऐका. मग गिटारींकडे वळा. त्या बहुतेक ठिकाणी डाव्या-उजव्या बाजूंना वाटलेल्या आहेत, म्हणून एक कान झाकून ऐकलं की कोण काय वाजवतंय ते सुटं होतं. एकीची धून दुसरी पुरी करते, खरा सवाल-जवाब. टकरचा थरथरता, उंच आवाज या सगळ्यावर चढतो, कारण गिटारींनी खाली उतरून त्याला जागा करून दिलेली असते.

तिथून दोन पावलं मागे जायचं. पहिला, बँडच्याच नावाचा अल्बम १९९४ मध्ये मेलबर्नमध्ये, परतीच्या प्रवासाआधी रात्रभर जागून रेकॉर्ड झाला आणि १९९५ मध्ये आला. तेव्हा ड्रमवर लोरा मॅकफार्लेन होती. गाणी आखूड, आवाज ओबडधोबड. तो शेवटी ऐकला तरी चालेल. १९९६ चा 'कॉल द डॉक्टर' मात्र चुकवू नये. दोघींनी एकाच वेळी वेगवेगळे शब्द गाण्याची पद्धत इथे पक्की झाली. पहिल्यांदा ऐकताना गोंधळ उडतो, कुणाचं ऐकायचं तेच कळत नाही. एका वेळी एकीलाच धरा. दुसऱ्या फेरीत दुसरीला.

ही पद्धत सर्वांत बारीक विणली गेली १९९९ च्या 'द हॉट रॉक'मध्ये. निर्माता बदलला, रॉजर मूटनो आला. आवाजाची पातळी उतरली, गिटारींवरचा खरखरीतपणा कमी झाला, आणि मोकळी जागा भरायच्या ऐवजी तशीच मोकळी ठेवली गेली. 'डिग मी आउट'च्या धडाक्याची अपेक्षा ठेवून आलेल्यांना हा अल्बम थंड वाटतो. माझ्या मते गिटारकामात तो सगळ्यांच्या वर आहे. एक गिटार सोडून दुसरी ऐकलीत, तर कानाला अर्धंच वाक्य लागतं. मागे लावून ठेवून दुसरी कामं करताना ऐकण्याचा हा अल्बम नव्हे.

२००० चा 'ऑल हँड्स ऑन द बॅड वन' जास्त गाता येण्याजोगा, कोरस भरपूर. पोर्टलंडच्या जॅकपॉट स्टुडिओत झालेला २००२ चा 'वन बीट' त्याहून भरीव. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरची युद्धाची हवा आणि टकरच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणातली भीती, दोन्ही त्यात आहे. जोडीला कीबोर्ड आणि ब्रास, म्हणजे फुंकून वाजवायची पितळी वाद्यंही येतात. जुनी सीडी विकत घेत असाल तर आतली पाकिटं तपासा. सुरुवातीच्या काही प्रतींसोबत दोन जादा गाण्यांची वेगळी डिस्क होती.

आता 'द वुड्स', २००५. कंपनी बदलली, सब पॉप. निर्माता डेव्ह फ्रिडमन, जागा न्यू यॉर्क राज्यातल्या कॅसाडागाचा टारबॉक्स रोड स्टुडिओ. आतापर्यंत मोकळ्या राहिलेल्या तळात इथे विकृतीच (डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाज) ओतली आहे. ड्रमसकट सगळं जाणूनबुजून इतक्या वरच्या पातळीवर नेलं आहे, की लहरींचे माथे कापले जातात आणि त्या कापण्यातून नवे स्वर तयार होतात. पहिल्याच गाण्याला 'माझा स्पीकर फाटला' असं वाटून लोक वायरी तपासतात. तपासायचीच असेल तर सोपी खूण आहे: आवाज अगदी बारीक करा. खरखर तशीच राहिली तर ती रेकॉर्डिंगमधली, नाहीशी झाली तर स्पीकरची. इक्वलायझरने ती काढायच्या फंदात पडू नका. वरचे स्वर कमी केले की झांजा मरतात, खरखर उरतेच, कारण ती मधल्या पट्ट्यात भिनलेली आहे. शेवटची दोन गाणी एकाच दमात, न थांबता वाजवलेली आहेत आणि त्यातलं पहिलं ११ मिनिटांचं आहे. यादी उलटसुलट करून ऐकलं तर ही जोड तुटते, म्हणून इथे शफल बंद हवाच.

२००६ मध्ये बँड थांबला. ऑक्टोबर २०१४ मध्ये सब पॉपने पहिले सातही अल्बम 'स्टार्ट टुगेदर' या नावाच्या पेटीत काढले, ग्रेग कॅल्बीकडून नव्याने मास्टरिंग (आवाजावरचा शेवटचा हात) करून. रंगीत रेकॉर्डींच्या ३,००० पेट्या होत्या. आत एक सात इंची सिंगल (एकाच गाण्याची छोटी रेकॉर्ड) निघाली, जिच्यावर नावाऐवजी फक्त एक तारीख होती: २० जानेवारी २०१५. ती नव्या अल्बमची तारीख होती आणि सिंगलवर त्यातलंच गाणं. वापरलेली पेटी कुणी विकत असेल तर ही सिंगल आत आहे का, ते आधी विचारा. पेटी नको असेल तर हेच अल्बम सुटेही मिळतात.

त्या तारखेचा 'नो सिटीज टू लव्ह' ३२ मिनिटांत दहा गाणी उरकतो, एकही ओळ फालतू नाही. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तो १८व्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये पॅरिसच्या ला सिगालमध्ये झालेला कार्यक्रम २०१७ मध्ये 'लाइव्ह इन पॅरिस' म्हणून निघाला. बेसशिवायचा हा डोलारा मंचावर कसा उभा राहतो, ते त्यात कळतं.

२०१९ च्या 'द सेंटर वोन्ट होल्ड'वर चाहते आजही भांडतात. निर्माती अ‍ॅनी क्लार्क, म्हणजे सेंट व्हिन्सेंट या नावाने गाणारी गायिका-गिटारवादक. तिने तळाची जागा सिंथने (सिंथेसायझरने) भरली. त्याबरोबर ड्रमचं जुनं काम संपलं, कारण तळात आता सिंथ बसलेला आहे. अल्बम यायच्या दीड महिना आधी वाइस बाहेर पडली. गाणी वाईट नाहीत, पण दोन गिटारींचं ते एकमेकींवर रेलणं इथे विरळ आहे आणि ते मला खटकतं. २०२१ चा 'पाथ ऑफ वेलनेस' दोघींनी पहिल्यांदाच स्वतः निर्मित केला. तो सैल आहे. २०२४ चा 'लिटल रोप' मात्र नक्की ऐका. निर्माता जॉन काँगल्टन. काम चालू असतानाच, २०२२ मध्ये, ब्राउनस्टीनची आई आणि सावत्र वडील इटलीतल्या अपघातात गेले. या अल्बमवर टकरचा आवाज पुढे आहे, आणि तळ पुन्हा थोडा उघडा ठेवलेला आहे.

ही गाणी गिटारवर बसवणाऱ्यांसाठी. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सुरावट अशी: सी शार्प, एफ शार्प, बी, ई, जी शार्प, सी शार्प. नेहमीचा दहाचा संच (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच जाड) तसाच ठेवून उतरवलात तर ताण सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. तारा फ्रेटवर घासून झिणझिणतात आणि जोरात आघात केला की स्वर क्षणभर वर उडतो. बारा ते चोपन्नचा संच लावला की ताण जवळपास पूर्ववत होतो. पण जाड तार नटच्या (गिटारच्या मानेच्या टोकाची, तारा धरणारी पट्टी) खाचेत अडकते. सूर लावताना 'टिक' असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारत असेल तर खाच अरुंद आहे. ती रुंदीला किंचित घासून घ्या, खोल करू नका, आणि पेन्सिलीचं शिसं चोळा. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि हार्मोनिक जुळवून पाहा. दाबलेला स्वर चढा येत असेल तर ब्रिजवरचा सॅडल मागे सरकवा. तरंगत्या ब्रिजच्या गिटारीवर हे सगळं करू नये, एक तार लावली की बाकीच्या पाच हलतात.

अ‍ॅम्पवर बेसचं बटण पूर्ण फिरवून खर्ज भरून काढायचा मोह होतो. तसं केलं की विकृतीत चिखल होतो आणि दुसरी गिटार बुडते. गेन (विकृती वाढवणारं बटण) कमी, मधला पट्टा वर. एकच गिटार असेल आणि नेहमीची गाणीही वाजवायची असतील तर तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा, सूर पुन्हा पांढरी तीनला येतो. आणि गिटारला हातच लावायचा नसेल तर ऑडासिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं तीन अर्धस्वर चढवून सराव करता येतो, फक्त टकरचा आवाज तेव्हा ऐकवत नाही.