शीर कापली, जोडली, पण पुढे काय?

मामाचं ऑपरेशन झाल्यापासून नात्यातले, बिल्डिंगमधले, कोणाकोणाचे फोन येतात. पॅनक्रियाजचा (स्वादुपिंडाचा) कॅन्सर निघालाय, रिपोर्टात शिरेला चिकटलाय असं आलंय, म्हणजे आता संपलंच ना? दरवेळी तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. मी डॉक्टर नाही, मामाची फाईल काखोटीला मारून बदलापूर ते परळ फिरलेली भाची आहे, एवढंच.

ही शीर म्हणजे पोर्टल व्हेन आणि तिला खालून, आतड्याकडून येऊन मिळणारी मोठी शीर, एसएमव्ही. पॅनक्रियाजच्या अगदी मागून जातात, आतड्यातलं रक्त लिव्हरला नेतात. लिव्हरला मिळणारं जवळपास पाऊण रक्त हिच्यातूनच, म्हणून ती नुसती बांधून टाकता येत नाही. पॅनक्रियाजच्या हेडला, म्हणजे उजवीकडच्या जाड टोकाला, गाठ झाली की शिरेला टेकायला कितीसा वेळ! आम्हालाही पहिल्या डॉक्टरांनी 'ऑपरेशन होणार नाही' सांगून परत पाठवलं होतं, मामी जिन्यातच खाली बसली.

दुसऱ्या सर्जननी लेटरहेडच्या मागे पेनाने चित्र काढून दाखवलं. थोडंच चिकटलं असेल तर शिरेच्या कडेचा भाग कापून तिथेच शिवतात, नाहीतर ठिगळ लावतात, जास्त असेल तर मधला तुकडाच काढून दोन्ही टोकं जोडतात, आणि टोकं पोचतच नसतील तर मध्ये दुसरी शीर नाहीतर कृत्रिम नळी घालतात. मामाची टोकाला टोक जोडली. शिवण संपवताना दोऱ्याची गाठ मुद्दाम थोडी सैल ठेवतात म्हणे, कारण रक्त थांबवायला लावलेला क्लॅम्प (चिमटा) काढल्यावर रक्त भरून शीर फुगते, गाठ करकचून मारली तर तिथेच आवळली जाते. हे ऐकून मामा, जन्मभर दादरच्या दुकानात शिलाई मशीनवर बसलेला माणूस, पहिल्यांदा हसला.

आता रिझल्टचं. पहिली भीती जोडाशी गुठळी व्हायची, म्हणून डॉपलर (शिरेत रक्त वाहतंय का बघायची सोनोग्राफी) पुन्हापुन्हा करतात, मामाला पोटात हेपरिनची, म्हणजे गुठळी होऊ नये म्हणून द्यायची, इंजेक्शनंही होती. मध्ये नळी घातली असेल तर ही भीती जास्त. नंतर कधीतरी जोड अरुंद होऊन पोटात पाणी साठू शकतं. रक्त जास्त जातं, ऑपरेशन लांबतं, धोका साध्या व्हिपलपेक्षा (पॅनक्रियाजचं हेड काढायचं ऑपरेशन, शीर न कापता) थोडा वाढतोच. पण जिथे ही ऑपरेशनं भरपूर होतात तिथे फरक बराच कमी राहतो, म्हणून सर्जनना सरळ विचारा, वर्षाला व्हिपल किती करता आणि त्यात शीर किती जणांची जोडता. राग आला तर येऊ दे.

आणि शीर चालू राहिली म्हणजे कॅन्सर गेला असं नाही हो! इथेच सगळे गल्लत करतात. गाठ कडेपर्यंत स्वच्छ निघाली तर शीर कापलेले आणि न कापलेले पेशंट साधारण सारखेच जगतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, पण ते 'सारखं' मुळातच फार मोठं नाही. कित्येकांच्या कापलेल्या शिरेत कॅन्सर निघतच नाही, नुसती सूज येऊन चिकटलेली असते. मामाच्या तुकड्यात मात्र पेशी निघाल्या.

म्हणून केमो. २०१८ च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये ऑपरेशननंतर फोल्फिरिनॉक्स (अनेक केमो औषधं एकत्र) घेतलेल्यांचं मीडियन आयुष्य ५४.४ महिने आलं, म्हणजे निम्मे त्याहून जास्त जगले, नुसतं जेमसिटाबिन हे एकच औषध घेतलेल्यांचं ३५. अर्थात ते पेशंट निवडलेले, तब्येतीने धड असलेले. शिरेला चिकटलेल्या केसमध्ये हल्ली बऱ्याचदा केमो आधी देतात, आमचंही तसंच झालं. नंतरच्या सीटीत गाठ होती तेवढीच दिसली आणि आमचे चेहरे पडले, पण सीए १९-९ (रक्तात तपासतात ती कॅन्सरची खूण) चांगलं खाली आलं होतं आणि सर्जन म्हणाले, मेलेला कॅन्सर आणि जिवंत कॅन्सर स्कॅनमध्ये सारखाच दिसू शकतो, उघडून बघू.

आता मामा जेवणाबरोबर क्रेऑनच्या (पचनाच्या एन्झाइमच्या) गोळ्या घेतो आणि वडापाव मागतो, मामी अर्धाच देते.

रिपोर्टात कॅन्सर आर्टरीला (धमनीला) गुंडाळलाय असं असेल तर ते प्रकरण वेगळं, जास्त अवघड. आणि कृपा करून सीटीच्या फिल्मचे फोटो मला व्हॉट्सॅपवर पाठवू नका, सीडी घेऊन जा, सर्जनना तीच लागते.