पाणी अजून गार आहे

न्यू जर्सीत कॅलेंडरवरचा वसंत 20 मार्चच्या आगेमागे येतो. झाडांवर यायला तो एप्रिल उजाडवतो. आधी फोर्सिथियाची पिवळीधमक झुडपं, मग मॅग्नोलिया, मग चेरी. तळ्यात तो सगळ्यांत शेवटी पोचतो. हवा 70 अंश फॅरनहाइटवर गेली, मुलं हाफ पँटीत सायकली पिदडायला लागली, ओक ट्री रोडवर कुल्फीला गिऱ्हाईक लागलं, तरी काठावर गळ टाकून बसलेल्या माणसाला विचाराल तर तो मान हलवून एवढंच म्हणेल, पाणी अजून गार आहे.

मार्च ते मेच्या मध्यापर्यंत आमच्या तळ्यांवर हेच 'नमस्कार' आणि हेच 'बरंय, येतो'. मासा लागला नाही, पाणी गार. लागला पण ओढ नव्हती, पाणी गार. जो काठावर आलाच नाही त्याच्याकडेही हेच कारण तयार असतं. सुरुवातीला मला ही नुसती पळवाट वाटायची. पण त्यात तथ्य आहे, आणि ते पाण्याच्या एका आडमुठ्या स्वभावात आहे.

बहुतेक पदार्थ गार होतील तसे जड होतात. पाणी 4 अंश सेल्सिअसपर्यंत तसंच वागतं आणि त्याखाली गेलं की उलट हलकं व्हायला लागतं. म्हणून बर्फ वरच धरतो आणि तळाशी चार अंशांचं पाणी हिवाळाभर दबून राहतं. बर्फ गेला, वरचं पाणीही चार अंशांवर आलं, की काही दिवस अख्ख्या तळ्याचं वजन वरपासून खालपर्यंत सारखं होतं. अशा वेळी मार्चचा वारा सुटतो आणि तळं मुळापासून ढवळून निघतं. वरचा प्राणवायू तळाला जातो, तळाचा साका वर येतो. ही घुसळण चालू असेतो उन्हाने दिलेली ऊब वरच्या थरात टिकत नाही, सगळ्या तळ्यात वाटली जाते. तळं जितकं खोल, तितके वाटेकरी जास्त. एडिसनच्या रूझवेल्ट पार्कमधलं तळं आठवडाभराच्या उन्हात ताळ्यावर येतं. हंटरडन काउंटीतला राउंड व्हॅली जलाशय 180 फूट खोल आहे. तिथे मे महिन्यातही हात बुडवला तर बोटं बधिर होतात.

एकाच तळ्यातही सगळीकडे वसंत एकदम येत नाही. उत्तरेच्या काठावर दक्षिणेचं ऊन दिवसभर पडतं, त्यामुळे तो आधी तापतो. त्यातही उथळ आणि काळ्या गाळाचा कोपरा असेल तर समोरच्या सावलीतल्या काठापेक्षा तीन-चार अंशांनी पुढे. नॉर्थ ब्रन्सविकच्या फॅरिंग्टन लेकवर एक आजोबा येतात. स्वयंपाकघरातला थर्मामीटर सुतळीला बांधून पाण्यात सोडतात, वर ओढतात, चष्मा कपाळावर सरकवून वाचतात आणि कोणी विचारलं नसताना आकडा मोठ्याने सांगतात. सगळा काठ त्यावरून आपापले बेत बदलतो. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजींच्या मुहूर्तालाही आमच्याकडे एवढा मान नव्हता.

कारण ट्राउट आणि बास या दोन माशांनी इथला वसंत आपसांत अंशांवर वाटून घेतला आहे. रेनबो ट्राउटला 55 ते 60 फॅरनहाइट, म्हणजे 13 ते 16 सेल्सिअसच्या आसपास, सगळ्यांत सुख. पाणी 70 च्या वर गेलं की त्याला धाप लागते. बासचं उलट आहे. 50 च्या खाली तो खोलात सुस्त पडलेला असतो आणि नाकासमोरून आमिष नेलं तरी ढिम्म हलत नाही. साठीच्या घरात पाणी आलं की त्याच्या अंगात येतं. एकाचा हंगाम उतरणीला लागतो तेव्हा दुसऱ्याचा चढणीला लागलेला असतो. एप्रिलचा शेवट आणि मेचा पहिला आठवडा, हे मधले थोडे दिवस दोघेही एकाच तळ्यात, एकाच रॉडच्या टप्प्यात असतात. वर्षातले माझे आवडते दिवस हेच. ऑफिसातल्या सगळ्या मीटिंगा नेमक्या याच दिवसांत का ठेवतात, हे मला कळलेलं नाही.

ट्राउटची गोष्ट आधी, कारण ती मजेची आहे. आमच्या तळ्यांत ट्राउट ट्रकमधून येतो. वॉरन काउंटीत पेक्वेस्ट नावाची सरकारी हॅचरी आहे. तिथे वर्षाला साधारण 6 लाख ट्राउट वाढवतात. दीड वर्षाचा, दहा-साडेदहा इंचांचा झाला की त्याला टाकीच्या ट्रकमध्ये घालून राज्यभरच्या नद्या-तळ्यांत सोडतात. खर्च करदात्यांच्या डोक्यावर नाही. गळ टाकणारे परवाना घेतात, ट्राउटसाठी वेगळा शिक्का घेतात, शिवाय रॉड, रीळ, गळ यांच्यावर 1950 च्या कायद्याने केंद्राचा कर आहे, तोही फिरून मासेवाल्या खात्यांकडे येतो. आम्हीच पैसे भरतो आणि आमच्यासाठीच मासे सोडले जातात. लग्नात आपणच आहेराचं पाकीट द्यायचं आणि आपणच जेवून यायचं, त्यातलाच हा व्यवहार.

रेनबो मूळचा इथला नव्हेच. तो पॅसिफिक किनाऱ्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची अंडी पूर्वेकडे आली, आणि पुढे इंग्रजांनी तो निलगिरीच्या ओढ्यांतही नेऊन सोडला. (सह्याद्रीत त्याचा निभाव लागायचा नाही, महाबळेश्वरचं वेण्णा तळंही त्याला उकडेल.) न्यू जर्सीचा अस्सल भूमिपुत्र म्हणजे ब्रूक ट्राउट, राज्याचा मानाचा मासा. पूर्वी हॅचरीत तोही वाढवत. 2013-14 च्या सुमाराला माशांच्या रोगाची साथ आली, त्यात रेनबो जास्त तगला, तेव्हापासून हॅचरीत फक्त रेनबो. भूमिपुत्र डोंगरातल्या गार ओढ्यांत, कोणाच्या नजरेला न पडता राहतो.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी आठ वाजता हंगाम उघडतो. आठ म्हणजे आठ. साडेसातपासून लोक काठावर खांद्याला खांदा लावून उभे असतात, थर्मासमधली कॉफी फिरते, आणि आठाच्या ठोक्याला शे-दीडशे गळ एकदम पाण्यात पडतात. त्यातले निम्मे एकमेकांत अडकतात आणि पहिला अर्धा तास माशांपेक्षा माणसं सोडवण्यात जातो. या गर्दीला नाकं मुरडणारे फ्लाय फिशिंगवाले, म्हणजे दोऱ्यापिसांची नकली माशी टाकून मासे धरणारे, सभ्य गृहस्थ त्या दिवशी घरी बसतात. मला ही जत्रा आवडते. ट्रकमधून आलेल्या माशाला ट्रॅफिकमधून आलेली माणसं भेटतात, यात कमीपणा कुणाचा?

आमिषाचंही तसंच. जन्मापासून सिमेंटच्या हौदात गोळ्या खाऊन वाढलेल्या माशाला किडा म्हणजे काय ते पहिले काही दिवस ठाऊक नसतं. त्याला पॉवरबेट लागतो, गडद गुलाबी नाहीतर पोपटी रंगाचा पिठासारखा गोळा. त्यातल्या एका प्रकाराला लसणाचा असा काही वास येतो की गाडीत बरणी उघडली गेली तर बायको दोन दिवस मागच्या सीटवर बसते. हा गोळा पाण्यात तरंगतो. म्हणून शिसं तळाला टेकवायचं, वर हात-दीड हात दोर मोकळा सोडायचा, आणि वाट बघायची. आठवडा-दोन आठवड्यांत वाचलेले ट्राउट शहाणे होतात. मग गांडूळ, मग स्पिनर, म्हणजे गरगर फिरणारं लहानसं चकाकतं नकली आमिष. ढगाळ आभाळ आणि पाण्यावर बारीक लहर असेल तर उत्तम. लख्ख ऊन आणि आरशासारखं पाणी असेल तर डबा खाऊन घ्यावा.

आता खाण्याचं. मी कोकणातला. मासा धरायचा तो खाण्यासाठी, हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही, ते रक्तातच असतं. हॅचरीतला ट्राउट चवीला खरं सांगायचं तर सपक. बांगड्याच्या पासंगालाही लागायचा नाही. पण हळद, मीठ, लाल तिखट, आगळ आणि वरून रवा, एवढं अंगाला लागलं की तोही माणसात येतो. आणि तो खाताना मला काडीचा संकोच वाटत नाही, कारण जुलै त्याला सोडणार नाहीच. उन्हाळ्यात तळ्याचे थर पडतात. वरचं पाणी कढत, खालचं गार, पण सडलेल्या पानांनी त्यातला प्राणवायू खाऊन टाकलेला. ट्राउटला वर उकडतं आणि खाली गुदमरतं. राउंड व्हॅलीसारख्या खोल, स्वच्छ पाण्यात तो उन्हाळा काढतो. आमच्या पार्कांतल्या तळ्यांत नाही. तव्यावर यायचं नाहीतर गाळात जायचं, एवढाच त्याच्यापुढचा पर्याय. अर्थात नियम आहेतच, हंगामाच्या सुरुवातीला दिवसाला सहा.

बासशी मात्र असं वागता येत नाही. डॉगवुडची पांढरी फुलं उमलली की बास घरटी करतात, असं इथले जुने लोक सांगतात, आणि ते बहुधा खरं ठरतं. आपल्याकडे मृगाचा लाल किडा दिसला की पेरणीचं बघतात, तितकंच खरं. पाणी साठीच्या पुढे गेलं की नर उथळ पाण्यात येतो. शेपटीने गाळ झाडून खालची वाळू-खडी उघडी पाडतो आणि ताटाएवढी गोल जागा साफ करतो. मादी येते, हजारोंनी अंडी घालते आणि निघून जाते. मग राखण नराची. अंडी फुटेपर्यंत, आणि फुटल्यावर पिल्लांचा काळा ढग पांगेपर्यंत, तो जागा सोडत नाही. या दिवसांत तो भुकेने आमिष धरत नाही. घरट्याजवळ काही आलं की चिडून धरतो. म्हणून त्याला पकडणं अगदी सोपं असतं. पोलराइज्ड गॉगल लावला की काठावरून घरटं दिसतं, राखणदार दिसतो, त्याच्या पुढ्यात रबरी किडा टाकला की झालं. तेवढ्या दोन मिनिटांत, तो आपल्या हातात तडफडत असतो तेव्हा, आसपास टपलेले ब्लूगिल नावाचे लहान मासे घरट्यावर धाड घालतात.

न्यू जर्सीत 15 एप्रिल ते 15 जून बास घरी नेता येत नाही, पकडला तर जागच्या जागी सोडायचा. घरट्यावरचा पकडून सोडणं कायद्यात बसतं. मला पटत नाही. मी त्या दिवसांत उथळ काठ सोडतो आणि जरा खोलात, जिथे अजून घरट्यांवर न आलेले बास घुटमळत असतात, तिथे टाकतो. त्यात कष्ट जास्त, मासे कमी. मग मीही म्हणतो, पाणी अजून गार आहे.

हे तत्त्वज्ञान कोकणात कोणाला सांगायची सोय नाही. पहिल्या पावसाला ओहोळ भरले की अंडी घालायला निघालेले मासे प्रवाहाविरुद्ध शेतांत चढतात. आमच्याकडे ते चढणीचे मासे, रायगडाकडे वलगणीचे. मरळ, शिंगटी, वाम, पोटं गाबोळीने टम्म. रात्री बॅटऱ्या, पागणी, टोपल्या घेऊन अख्खा गाव ओहोळात उतरतो. लहानपणी मीही उतरलो आहे. ती गाबोळी तव्यावर परतलेली चव अजून जिभेवर आहे. तिच्याबद्दल मला अपराधी वाटतं असं म्हणालो तर ते खोटं होईल. पण त्याच कोकणात महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे. लोक त्यांना खाऊ घालतात, त्यांच्यावर कोणी गळ टाकत नाही. आणि 1 जून ते 31 जुलै समुद्रातली यांत्रिक होड्यांची मासेमारी सरकारी नियमाने बंद असते. म्हणजे विणीच्या माशाला सोडावं, ही समज आमच्याकडे देवीच्या धाकातही आहे आणि सरकारी कागदातही. फक्त घरामागच्या ओहोळापर्यंत ती आलेली नाही.

व्हिडिओ कॉलवर मी आईला मोठ्या कौतुकाने बासचा फोटो दाखवला होता. दोन्ही हातांत मावत नव्हता असा. तिने विचारलं, काय केलंस? म्हटलं, सोडला. ती स्क्रीनकडे बघतच राहिली. "मगे धरलंस कित्याक?"

तिला नर, घरटं, ब्लूगिल, सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि शेजारच्या काकूंना हाक मारून म्हणाली, हो बघा, हो पाण्यात मासो बघूक जाता.

16 जूनपासून बास घरी नेता येतो. मी तेव्हाही नेत नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे. बास तळ्यातला मोठा शिकारी, बरीच वर्षं जगतो आणि लहान मासे खाऊन खाऊन त्यांच्यातला पारा स्वतःच्या अंगात साठवतो. कुठल्या तळ्यातला बास महिन्यातून किती वेळा खावा, लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी किती, याचं पत्रकच राज्य सरकार काढतं. ते मी फ्रिजवर चिकटवलं आहे. आईला या पाऱ्याबद्दल मी अजून काही सांगितलेलं नाही. जून उलटला तरी मुलगा मासे सोडतोच आहे, एवढंच तिच्या लक्षात आलं आहे, आणि अमेरिकेत जाऊन मी अर्धी माळ घातली असं तिने गावात सांगून टाकलं आहे.