समुद्री टाकीतले लाल चपटे किडे: माझा अनुभव

मरीन टँक ठेवणाऱ्या बऱ्याच जणांना कधी ना कधी हे किडे भेटतात. काचेवर, वाळूवर, दगडाच्या उजेडाकडच्या बाजूला गंजासारख्या रंगाचे बारीक ठिपके दिसायला लागतात. पहिल्यांदा शेवाळच वाटतं. पण शेवाळ जागचं हलत नाही आणि हे ठिपके सरकतात. ठाण्याच्या आमच्या घरातल्या २०० लिटरच्या टाकीत ते आले. टाकी स्वच्छ होईपर्यंत काय काय केलं ते सविस्तर लिहिते आहे. घाईघाईने औषध टाकून अख्खी टाकी गमावू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

माझ्याकडे दोन क्लाउन आणि एक फायरफिश हे मासे, थोड्या गोगलगायी आणि फक्त सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ, आहेत: मशरूम, झोआ आणि एक लेदर. दगडी प्रवाळ मी ठेवत नाही. २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे जे संरक्षण वाघाला तेच त्यांना. मालवणच्या समुद्रात ते जिवंत बघता येतात, तिथेच ते शोभतात. हे सांगायचं कारण असं की चपट्या किड्यांबद्दल वाचायला गेलं की निम्मी चर्चा अॅक्रोपोरा हे दगडी प्रवाळ कुरतडणाऱ्या किड्यांची असते. ते अंगाने जवळजवळ पारदर्शक असतात, प्रवाळावर गोल गोल फिकट डाग पाडतात आणि मेलेल्या सांगाड्यावर अंडी घालतात. अंड्यांना औषधी पाण्यातल्या बुडवणीने काही होत नाही. ती लढाई वेगळी आणि जास्त अवघड. तुमच्या टाकीत अॅक्रोपोराच नसेल, तर ती भीती मनातून काढून टाका.

माझ्या मनात पहिला प्रश्न हाच होता की हे नक्की कोण? डोंबिवलीचे एक काका माझ्याही आधीपासून मरीन टँक सांभाळतात. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, औषधाचं नंतर बघू. आधी एक पांढऱ्या वाटीत घे आणि शेपट्या मोज." दुपारी लाइट पूर्ण लागलेले असताना ड्रॉपरने दोन-चार किडे ओढले, चिनी मातीच्या वाटीत टाकीच्याच पाण्यात सोडले आणि वर भिंग धरलं. लांबी जेमतेम ५ मिलिमीटर, अंग कागदासारखं पातळ, पुढचा भाग रुंद आणि मागे तीन टोकं. मधलं टोक थोडं बारीक. वाटीच्या तळावर ते पोहत नव्हते, नुसते घसरत होते, आणि कडेला आले की अंगाची घडी घालून वळत होते. तीन टोकं आणि गंजाचा रंग एवढ्यावर ओळख पक्की झाली. छंदवाले याला रेड प्लॅनेरिया म्हणतात, शास्त्रीय नाव कन्व्होल्युट्रिलोबा.

शाळेत आपण प्लॅनेरिया, लिव्हरफ्लूक, पट्टकृमी एका संघात शिकलो, पण हा प्राणी त्यातला नाही. तो असीला गटातला, याला खरं आतडंही नसतं. १९९९ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून हा गट चपट्या कृमींपासून वेगळा असल्याचं पुढे आलं. याच्या अंगात हिरवं सूक्ष्म शेवाळ राहतं आणि उजेडात अन्न तयार करतं. म्हणूनच हे किडे लाइटखाली गोळा होतात. वर ते पाण्यातले कोपेपॉड नावाचे बारीक जीवही खातात. कन्व्होल्युट्रिलोबा रेट्रोजेमा या जातीचं वर्णन १९८८ मध्ये प्रसिद्ध झालं. तिची गंमत अशी की पिल्लू आईच्या मागच्या कडेला अंकुरासारखं फुटतं आणि त्याचं डोकं आईच्या उलट दिशेला असतं. नर-मादी, अंडी यांची गरजच नाही. एक किडा शिल्लक राहिला तरी पुन्हा टाकी भरते, ती यामुळेच.

वाटीत आणखी एक गोष्ट बघून घेतली. त्यात आरओचं गोडं पाणी थेंब थेंब सोडलं. किडे आक्रसले, अंग फाटलं आणि तळाशी तांबूस ढग पसरला. मेल्यावर त्यांच्या अंगातून जे बाहेर पडतं ते माशांना विषारी असतं. टाकीत असे थोडेच असतील तर फरक पडत नाही. हजारो असतील आणि सगळे एकाच तासात मेले, तर मासे त्या विषाने मरतात आणि दोष औषधावर जातो. माझं सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती फिरलं: औषधाच्या आधी संख्या खाली आणायची, जितकी आणता येईल तितकी.

सारखी दिसणारी दुसरी मंडळीही असतात. मशरूम आणि लेदरवर चिकटून बसणारा, तपकिरी, जवळजवळ गोल आणि मागे खाच असलेला किडा दिसला तर तो वामिनोआ. काचेवर फिरणारे बारीक पांढुरके चपटे किडे कोपेपॉड खाऊन जगतात, त्यांच्यामागे लागायचं कारण नाही. आणि नाण्याएवढा, झालरीच्या कडेचा एखादा रात्री बाहेर येत असेल, तर तो शिंपले-गोगलगायी खाणाऱ्यांपैकी असू शकतो. त्याला चिमट्याने उचलून काढायचं.

मग सुरू झालं उपसणं. एअर पंपाची बारीक नळी, तिच्या टोकाला प्लॅस्टिकची कडक काडी आणि खाली बादली. दुपारी लाइट सर्वांत तेज असताना किडे उघड्यावर जमतात, तेव्हा नळीने एकेक ठिगळ ओढून घ्यायचं. पाणी कमी होतं तितकंच नवीन खारं पाणी भरायचं. ते आदल्या दिवशीच आरओच्या पाण्यात मीठ मिसळून, पंप लावून, २६ अंश आणि १.०२५ विशिष्ट गुरुत्वाला तयार ठेवायचं. म्हणजे पाणी बदलणं आणि किडे काढणं एकाच वेळी होतं. किडे काचेला फार घट्ट धरत नाहीत, पण मशरूमच्या घडीत शिरलेले निघत नाहीत. त्यांना ड्रॉपरने पाण्याचा फवारा मारून आधी सैल करावं लागतं. हे कंटाळवाणं काम मी काही आठवडे केलं. त्याचबरोबर माशांचं खाणं कमी केलं आणि वेव्हमेकरची, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंपाची, दिशा बदलली, कारण संथ पाण्याचे कोपरे ही त्यांची हक्काची जागा. नुसत्या एवढ्यावर किडे संपले नाहीत, पण काच पुन्हा काच दिसायला लागली.

मासा आणून सोडायचा पर्यायही होता. सिक्सलाइन रासे किडे खातो असं सगळे सांगतात, पण प्रत्येक मासा खातोच असं नाही. शिवाय तो भांडकुदळ, आणि माझा फायरफिश भित्रा. मी पिवळा कोरिस आणला. तो वाळूत झोपतो म्हणून खाली वाळूचा थर हवा, आणि उडी मारतो म्हणून टाकीवर जाळी हवी. त्याला दगडावरचे किडे टिपताना मी पाहिलं, त्याचा उपयोग झाला. निळ्या मखमली रंगाची केलिडोन्युरा व्हेरियन्स ही समुद्री गोगलगाय मात्र मी मुद्दाम आणली नाही. ती फक्त याच प्रकारचे किडे खाते. ते संपले की ती उपाशी मरते. एका जिवाला आपल्या सोयीसाठी आणून असं मारणं मला मान्य नाही.

किडे असलेला दगड उकळून टाक, असाही सल्ला मला मिळाला. झोआ असलेला दगड कधीही उकळू नका. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असतं आणि ते वाफेबरोबर श्वासात गेलं तर घरातली माणसं दवाखान्यात पोहोचतात. झोआ घासताना-कापतानाही हातमोजे आणि चष्मा हवाच.

शेवटी औषध. मी सॅलिफर्टचं फ्लॅटवर्म एक्झिट वापरलं. डोस बाटलीवर लिहिलेला असतो, पण तो प्रत्यक्ष पाण्यासाठी असतो. आतून लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला १००० ने भागलं की लिटर निघतात. त्यातून दगड-वाळूची जागा वजा केली आणि सम्पमधलं (टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीतलं) पाणी मिळवलं. सुट्टीचा दिवस निवडला. सकाळी पुन्हा एकदा उपसा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि कार्बन (औषध आणि विष शोषून घेणारा कोळसा) बंद, वेव्हमेकर चालू, वर एक एअरस्टोन. नवीन कार्बन धुऊन पिशवीत तयार, ६० लिटर खारं पाणी ड्रममध्ये तयार. आई शेजारी बसली होती. "मासे घाबरलेत का गं?" म्हणून सारखी विचारत होती. मी फायरफिशच्या कल्ल्यांकडे बघत होते. श्वास वाढला असता तर तिथेच थांबून कार्बन लावला असता.

अर्ध्या तासाच्या आत किडे गोळा होऊन दगडावरून सुटायला लागले आणि प्रवाहात तरंगू लागले. दगडाच्या खाचांतून इतके निघाले की आधी उपसलं नसतं तर काय झालं असतं याचा अंदाज आला. दिसेल तो किडा नळीने ओढला, मग कार्बन लावला, ड्रममधलं पाणी भरलं, स्किमर सुरू केला. मशरूम दोन दिवस मिटलेले राहिले, मासे संध्याकाळी नीट जेवले. आठवड्याने तोच डोस पुन्हा दिला, कारण लपून वाचलेल्या एकाने सगळं परत सुरू होतं.

आता नवीन कोरल थेट टाकीत जात नाही. त्याच्या खालचा छोटा दगड शक्य असेल तिथे कापून टाकते. मग कोरल आयोडीनच्या बुडवणीत ठेवून ड्रॉपरने फवारे मारते आणि पांढऱ्या भांड्याच्या तळाशी काय पडलं ते भिंगातून बघते. मशरूमला टाकीच्याच तापमानाच्या गोड्या पाण्यातली अगदी थोडा वेळची बुडवणी चालते, लेदरला मी ती देत नाही. त्यानंतर कोरल काही आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत, चांगल्या उजेडाखाली. उजेड मुद्दाम चांगला ठेवते, कारण किडा असलाच तर तो लाइटखाली बाहेर येतो आणि मुख्य टाकीत जायच्या आधीच सापडतो.