पत्रा, पेंढा आणि चार बँड

रविवार, सकाळचे सव्वादहा

कान अजून गुणगुणतायत. चष्म्याची डावी काडी आंब्याच्या पेटीला लावायच्या खाकी पट्टीने बांधली आहे, म्हणून ही अक्षरं मला तिरकी दिसतायत. मुळातच तिरकी असतील तर वयाचा दोष.

भाच्याने दिवाळीतच विचारून ठेवलं होतं, "मामा, डिसेंबरात शेड रिकामीच असते ना?" असते. रत्नागिरीजवळच्या गोळपच्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या माळावरची, आमची पत्र्याची पॅकिंग शेड आंबा येईपर्यंत नुसती ऊन खात उभी असते. भाचा मुंबईत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी पंक वाजवतो. पंक म्हणजे काय रे बाबा, म्हटलं तर म्हणाला, "तीन कॉर्ड, दोन मिनिटं आणि बोंब." न्यूयॉर्कच्या रामोन्स नावाच्या बँडने १९७६ साली पहिली रेकॉर्ड काढली, तिच्यात १४ गाणी, आणि सगळी मिळून अर्धा तास भरत नाही. आमच्या कोकणातल्या शक्ती-तुऱ्यात, म्हणजे गाण्यांच्या सवाल-जवाबात, अर्ध्या तासात सुरुवातीचा गण आटोपला तरी खूप.

काल संध्याकाळी आमच्या शेडमध्ये त्याचाच कार्यक्रम झाला. चार बँड होते: मुंबईचा, पुण्याचा, कोल्हापूरचा आणि रत्नागिरीतल्या कॉलेजच्या पोरांचा. मुंबईकर तुतारी एक्स्प्रेसने गिटारी मांडीवर घेऊन आले. ड्रमसेट काही गाडीतून येईना, तो शेजारच्या वाडीतल्या, मिरवणुकीत वाजवणाऱ्या बेंजोवाल्यांनी दिला. ड्रमवरचं पान फाटलं तर भरून द्यायचं, एवढीच अट. त्यातल्या मोठ्या ड्रमवर लाल रंगात गणपती काढलेला. तो झाकावा असं कुणाच्या मनात आलं नाही. रात्रभर प्रत्येक ठोक्याला गणपतीची सोंड थरथरत होती.

दुपारी पहिला ठोका पडला आणि माझ्या पोटात गोळा आला. पत्रा आवाज पोटात ठेवत नाही, दुप्पट करून अंगावर फेकतो. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी म्हटलं, थांबा. भातं नुकतीच झोडून झालेली, उडवी भरलेली. साठेक भारे पेंढा आणून तिन्ही भिंतींना छातीइतका उंच लावला. पेंढ्यात पोकळ्या असतात, आवाज तिथे शिरतो आणि जिरतो. आंब्याला ऊब मिळते तोच पेंढा. त्यानंतर ड्रम ड्रमसारखा वाजला. पुण्याचा साऊंडवाला मला "सर" म्हणायला लागला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

साडेसहाला सुरू करून दहाच्या ठोक्याला बंद, हे आधीच ठरलेलं. पोलीस पाटील स्वतः येऊन मागच्या क्रेटवर बसले होते, कानात कापूस घालून.

मुंबईकरांची पहिली पाच गाणी मला एकच वाटली. पुण्याचे दोन गाण्यांच्या मध्ये फार बोलतात. पण त्यांच्या गिटारवाल्या मुलीची तार ऐन गाण्यात तुटली तेव्हा ती तिथेच खाली बसली, दातांत पक्कड धरून नवी तार ओवली, पिळली, सुरात आणली. तोवर ड्रमवाला एकटाच तोच ठेका हाणत राहिला. शेड टाळ्यांवर टाळ्या देत होती. ती उठली आणि गाणं जिथे सुटलं होतं तिथूनच धरलं. मला ते गाण्यापेक्षा आवडलं. कोल्हापूरकर दणकट. त्यांच्याबद्दल एवढंच, कारण त्या वेळात मी जनरेटरमध्ये डिझेल ओतत होतो.

शेवटी आमची पोरं. त्यांचा ड्रमवाला मुळात बेंजोतलाच. पहिलं गाणं वाडीतल्या कुलूपबंद घरांवर, दुसरं मुंबई-गोवा महामार्गावर. त्यात शब्द दोनच: "रस्ता कधी?" दुसऱ्या वेळेला अख्खी शेड ओरडत होती, पोलीस पाटलांसकट.

मग मध्ये जागा मोकळी झाली आणि पोरं गोल धावायला लागली. मी विशीत असताना जाखडी नाचलोय. मध्ये गाणारे-वाजवणारे, भोवती आम्ही, पायात चाळ. त्या ड्रमवाल्याने कुठेतरी आमच्या ढोलकीचा तोडा घुसवला, माझी खात्री आहे. तो नाही म्हणतो. पाय आपले आपण उठले. एकच घोटाळा झाला, सगळे एका बाजूने फिरत होते आणि मी दुसऱ्या. तिसऱ्या पावलाला कुणाच्या तरी खांद्यावर आदळलो, चष्मा उडाला, मी पेंढ्यात.

पडताक्षणी चार हात काखेत. गाणं चालूच, पण माझ्याभोवती पोरांनी हातात हात घालून कडं केलं आणि मोबाइलचे दिवे खाली धरले. डोक्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे केस उभे केलेला कोल्हापूरचा एक पोरगा गुडघ्यावर बसून पेंढा चाळत होता. "काका, हलू नका. पायाखालीच असंल." चष्मा सापडला, काडी वेगळी सापडली. त्याने दोन्ही शर्टाला पुसून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाला, "आता आमच्याच बाजूनं फिरा." फिरलो. दोन फेऱ्या, मग दम लागला.

दहाला पाच कमी असताना बंद केलं.

आज सकाळी शेड झाडताना पेंढ्यात ती तुटलेली तार सापडली. बारीक, पण पोलादी. खताच्या गोणीचं तोंड बांधायला सुतळी मिळत नव्हती, तिनेच बांधलं. घट्ट बसलंय.