चंडीगढ: एक कप चहा आणि घर नंबर ५७

मनालीहून परतताना चंडीगढला दोन दिवस थांबायचा हट्ट माझाच. मनालीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही: गर्दी होती, मॅगी खाल्ली, उतरलो.

चंडीगढात पहिल्या दुपारी आम्हाला चहाच मिळेना. मोठ्या रस्त्याच्या कडेनं चालत निघालो. एका हाताला झाडं, दुसऱ्या हाताला भिंत. दार नाही, दुकान नाही, माणूस नाही. नवरा म्हणाला, "कोपऱ्यावर टपरी असेलच गं." पण कोपरा यायला तर हवा! इथला एक सेक्टर, म्हणजे शहराचा एक चौकोनी तुकडा, साधारण ८०० मीटर बाय १२०० मीटर. हे शहर आखणाऱ्या ल कॉर्बुझिए या वास्तुकारानं रस्त्यांचे सात प्रकार पाडले आणि सेक्टरभोवतीच्या वेगवान रस्त्यांकडे एकाही घराचं दार उघडू दिलं नाही. बाजार, शाळा, दवाखाना, सगळं आत. म्हणजे अर्धा तास आम्ही घरांच्या पाठी बघत हिंडत होतो. आत वळल्यावर दोन मिनिटांत चहा मिळाला, चांगला आलं घातलेला. पण पेठेत वाढलेल्या माणसाचा राग एवढ्यानं जातो होय?

दुसऱ्या दिवशी कॅपिटॉल कॉम्प्लेक्स, म्हणजे कॉर्बुझिएनंच आखलेला सरकारी इमारतींचा परिसर. ओळखपत्र दाखवायचं आणि गाइडच्या मागून गुमान चालायचं. हायकोर्टाचं छत्रीसारखं छत आणि विधानसभेच्या डोक्यावरचं ते प्रचंड धुराडं बघून मी खरंच गप्प झाले. पण हायकोर्टापासून विधानसभेपर्यंतचं ते काँक्रीटचं पटांगण! इमारतींच्या खिडक्यांना ऊन लागू नये म्हणून एवढा जीव टाकणाऱ्या माणसानं पायी चालणाऱ्याला मात्र सरळ तव्यावर सोडलंय. मधे 'टॉवर ऑफ शॅडोज' आहे, सूर्याची चाल आणि सावली यांचा हिशेब मांडायला उभारलेला. आमच्या अख्ख्या घोळक्यानं त्याचा उपयोग एकाच कामासाठी केला. २६ मीटर उंचीचा 'ओपन हँड', म्हणजे उघड्या हाताचं धातूचं शिल्प, वाऱ्यानं फिरतो म्हणतात. त्या दिवशी वाराच नव्हता.

संध्याकाळी, खरं तर पाय दुखत होते म्हणूनच, रिक्षा करून सेक्टर ५ मधल्या घर नंबर ५७ ला गेलो. हे पिएर जानरेचं घर, आता संग्रहालय. जानरे हा कॉर्बुझिएचा नात्यातला भाऊ, वयानं साधारण साडेआठ वर्षांनी लहान. मोठे भाऊ वर्षातून दोनदा, महिना-महिनाभर यायचे. १९५१ पासून १९६५ पर्यंत इथे राहून काम रेटलं ते यानं. सरकारी घरं, शाळा, विद्यापीठाच्या इमारती, आणि त्यांत बसायला खुर्च्यासुद्धा.

ती खुर्ची मी बराच वेळ बघत राहिले. सागवानाची, वेतानं विणलेली, पाय उलट्या व्ही-सारखे फाकलेले. स्वस्तात व्हावी, इथल्याच सुतारांना जमावी आणि घामेजल्या पाठीला वारा लागावा, एवढीच अपेक्षा. पुढे हजारो खुर्च्या मोडक्या म्हणून कचेऱ्यांच्या गच्चीवर टाकल्या, भंगारात काढल्या. आता परदेशात लिलावात त्यांना लाखांनी बोली लागते. मला आमच्या तालुक्याच्या कचेरीतली, बूड फाटलेली, नायलॉनच्या दोरीनं शिवलेली खुर्ची आठवली. बसून बघायची फार इच्छा झाली. अर्थातच मनाई. घर मात्र साधं. वीट, नदीतले गोटे. मोठ्या भावाच्या कामापुढे हे घर कुणी आवर्जून बघायला येत असेल असं वाटेना. आम्ही दोघंच होतो.

तब्येत ढासळल्यावर जानरे स्वित्झर्लंडला परतला आणि १९६७ मध्ये गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे १९७० मध्ये त्याच्या अस्थी इथल्या सुखना तलावात सोडल्या. ते वाचलं आणि दुखऱ्या पायांनी तलावावर गेलोच.

काठावर एक आजोबा झपाझप चालत होते. त्यांना विचारलं, जानरेंच्या अस्थी कुठे सोडल्या?

"कौन?" ते थांबले, थोडा विचार केला आणि बोटिंगच्या तिकीटखिडकीकडे बोट दाखवलं.